'वादळ आणि मंडळी' यांच्या छोट्या तबकडीविषयी

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी पूर्ण वाकून केला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितल्यावर तुम्ही त्यांच्यासमोरच दवाखान्याचा जिना चढून दाखवलात, असं तुमच्या शेजारणीकडून कळलं. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे आणि तुमचे बंधुराज गाण्यात आहेत.

निवृत्त झाल्यापासून हे कसे बसून असायचे ते तुम्ही पाहिलंच आहे. समोरच्या भिंतीकडे असे बघत राहायचे की मलाच वाटायचं, ही भिंत आता काहीतरी बोलेल आणि सुटका होईल. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर यायचे नाहीत. मी मनातून फार घाबरले होते. मग मागच्या थंडीत जुन्या सामानाच्या दुकानात छत्रीची मूठ बदलायला म्हणून गेले आणि येताना रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. (छत्री तिथेच राहिली.) सोबत दुकानदारानं एक छोटी तबकडी दिली. तिच्यावर 'वादळ आणि मंडळी' एवढंच नाव आणि साठच्या दशकातलं एक साल. प्लेअरची वेगाची कळ सैल होती, ती सारखी हलायची. यांनी ती होती तिथेच चिकटपट्टीनं आवळून टाकली, आणि कार्यक्रम सुरू झाला.

काय सांगू वन्सं! एक पुरुष, खर्जातला, एकेक शब्द जणू तळघरातून पोतं ओढत आणतोय असा, म्हणतो, थांब ना, जरा थांब ना, मलाही घेऊन जा. मागचा ड्रम इतका सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये मी आत जाऊन गॅस बारीक करून यायचे. मी म्हटलं, ह्या माणसाला घेऊन जाण्यापेक्षा थांबलेलं बरं. पण यांचे डोळे भरून आले. दर वेळी भरून यायचे, आणि एकाच ओळीला. हा कोण गायक, कुठला, पुढे त्याचं काय झालं, याचा छडा लावल्याशिवाय राहायचं नाही, असं यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. भिंत सुटली. मला इतका आनंद झाला की मी ते गाणं रोज चार वेळा सहन केलं.

शोधाची हकिकत ऐका. आधी एका निवृत्त ध्वनिमुद्रकाकडे गेले. त्यांना आता ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तबकडीवर बोट फिरवून हा गायक नक्की दाढीवाला असणार असं निदान केलं. मग वाद्यांच्या दुकानात गेले, तिथून एक तंबोरा गळ्यात पडता पडता राहिला. शेवटी पेपरात जाहिरात दिली, 'साठच्या दशकात रॉक आणि पॉप गाणाऱ्या जाड आवाजाच्या गायकाचा शोध आहे', खाली आपला पत्ता. वन्सं, गावात किती पुरुषांना आपला आवाज जाड आहे असं वाटतं, याची मला कल्पना नव्हती. रांग लागली. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारे एक गृहस्थ आले, त्यांनी गाणंही फलाट क्रमांकाच्या चालीत म्हटलं. एक खाटीक आले, त्यांच्या आवाजानं शोकेसची काच थरथरली. एक जण फक्त खोकून गेले. त्यातच एक किडमिडीत म्हातारबाबा आले, गाणं ऐकून पोट धरधरून हसले, मग एकदम रुमाल काढून डोळे पुसले आणि निघून गेले. जाताना टेबलावर त्यांचं कार्ड राहिलं, 'दातांच्या कवळ्या माफक दरात'. यांना ते हसणं फार लागलं.

पुरावा काहीच मिळेना, तेव्हा यांनी चरित्र स्वतःच रचलं. गायक एकाकी होता. प्रेमात पोळला होता. बहुधा बोटीवर नोकरीला लागला आणि बुडाला. (बुडवल्याशिवाय यांचं समाधान होईना.) हे सगळं येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात भाषणातून मांडणार आहेत, तबकडी वाजवून. अध्यक्ष कोण, तर यांचे जुने साहेब, ज्यांनी यांना तीस वर्षं 'आमचे दगडोबा' म्हणून हाक मारली. नवा शर्ट शिवून झाला आहे. आरशासमोर खर्जात बोलण्याचा सरावही चालू आहे.

आणि अशात परवा हे केस कापायला गेले असताना मी धूळ पुसत होते. तबकडी फिरत होती. फडका कळीला अडकला, चिकटपट्टी सुटली, कळ पुढच्या खुणेवर सरकली, आणि वन्सं, त्या पेटीतून एक मुलगी उडी मारून बाहेर आली! सतरा-अठरा वर्षांची, खणखणीत, खट्याळ. थांब ना, जरा थांब ना, मलाही घेऊन जा! ड्रम असा धावत होता की मी फडका हातात घेऊन नाचले. (हो, नाचले. कंबर त्यामुळेच धरली आहे.) छोट्या तबकडीला जलद वेग लागतो, आणि आम्ही थंडीपासून ती मोठीच्या वेगात रखडत ऐकत होतो. म्हणजे आता रविवारी सभागृहात एका जरी माणसाला हे ठाऊक असलं, तरी यांचं हसं. आणि यांना सांगावं, तर बुडालेला गायक, भाषण, शर्ट, सगळंच पाण्यात, आणि हे पुन्हा भिंतीसमोर. मी गुपचूप कळ मागे केली, नवी पट्टी लावली आणि ते कार्ड घेऊन कवळीवाल्यांकडे गेले. (गाणं ऐकून हसले होते ते एकटेच, म्हणजे खरं त्यांना ठाऊक असणार.)

तेच वादळ मंडळींचे ड्रमवाले. मी वेगाचं सांगितल्यावर त्यांना बोलायला जोर आला. काय त्या मंडळींची कारकीर्द! साबणाच्या कारखान्याच्या वार्षिक समारंभात पहिला कार्यक्रम. रेडिओ फोडून ध्वनिवर्धक बनवला, त्यानं अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले. स्केटिंगच्या रिंगणात मंडळी गायली तेव्हा लोक ऐकता ऐकता एकमेकांवर आपटले. तालीम चुकली की गाणारी मुलगी पट्टीनं ड्रमवर नाही, ड्रमवाल्याच्या बोटांवर मारायची. एकच तबकडी निघाली, ती बहुतेक नातेवाइकांनी घेतली, तीही ड्रमवाल्यांच्याच. मुलीच्या घरी पत्ता नव्हता. ती टायपिंगच्या क्लासला जाते असं सांगून यायची.

मग त्यांनी फोटो दाखवला. मधोमध आखूड केस, पँट, गळ्यात गिटार, आणि उजवी भुवई वर. वन्सं, ती भुवई मी लग्नाच्या दिवसापासून ओळखते. मी उभ्या उभ्या पदर सारखा केला!

आता मला कळलं, दोन वर्षं टायपिंग शिकलेल्या आमच्या मुख्याध्यापिका वन्सं साधा अर्जही कारकुनाकडून का टाईप करून घ्यायच्या. आणि यांनी तुम्हाला फोनवर ती तबकडी ऐकवली, तेव्हा तुम्ही फक्त "यंत्र तपासून घे" म्हणून फोन का ठेवलात. खरं तेच सांगितलंत, पण तुमचं ऐकतो कोण!

तुम्ही गाणं का सोडलंत, तेही त्यांनी सांगितलं. सासूबाईंना दवाखान्यात रात्रपाळी लागली आणि घरातला धाकटा भाऊ तुमच्याशिवाय झोपेना. ड्रमवाले तुम्हाला परत बोलवायला आले होते, ठाऊक आहे? खिडकीखाली उभं राहून त्यांनी ऐकलं. तुम्ही तेच गाणं म्हणत होतात, अगदी सावकाश, अगदी खाली आवाजात, एकेक शब्द लांबवून, पोर झोपेपर्यंत. ते तसेच परत गेले. आमच्या घरी हसता हसता त्यांचे डोळे का भरले, ते मला तिथे समजलं, आणि मग मीही कवळ्यांच्या त्या खोलीत बसून रडले. तुमचे बंधुराज दगड नाहीत हो. त्यांनी ते गाणं ज्या वेगात पहिल्यांदा ऐकलं, त्याच वेगात ओळखलं. फक्त कोणाचं ते आठवेना, म्हणून थंडीपासून तुम्हालाच शोधत हिंडतायत.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची, आजच्यापुरती तुम्हाला न घाबरणारी,
भावजय

ता. क. यांना मी अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. गुपित तुमचं, तेव्हा हुकूमही तुमचाच. कळ हलवायची की नाही, एवढं कळवा.

ता. क. २ : खरं तर तुम्ही येऊनच सांगावं. मंडळीतले तिघं शिल्लक आहेत आणि कवळ्यांच्या खोलीत कालपासून तालीम करतायत. गाण्याची पट्टी किती उतरवायची हे तुम्हाला विचारा म्हणाले. बोटांवर मात्र आता जपून मारा.

ता. क. ३ : हे पत्र बुधवारी लिहिलं, पण पोस्टात टाकलं नाही, कारण तुमचं उत्तर मला पाठ आहे. आज रविवार आहे. पत्र तुमच्या शेजारणीच्या हाती वर पाठवलं आहे आणि मी खाली गाडीत बसले आहे. हे सभागृहात खुर्च्या लावतायत, त्यांना काही माहीत नाही. जिना सावकाश उतरा. शेजारच्या सीटवर ड्रमवाले आहेत, माझं न ऐकता हॉर्न वाजवतायत. ठेका कोणता, ते तुम्हाला वर ऐकू येतच असेल.