दोन शाळांचा एक पाठ

बाई, मी आता तुमच्याच शाळेत सातवीला भूगोल शिकवते. तुम्ही वारलात तेव्हा मी डी.एड.ला होते, त्यामुळे हे तुम्हाला कळायचं राहून गेलं. शाळा फारशी बदललेली नाही. शेजारी उर्दू शाळेची इमारत झाली आहे आणि मधल्या भिंतीला मुलांनी जाण्यायेण्यापुरतं भगदाड पाडलं आहे. ते बुजवावं असं दोन्ही मुख्याध्यापकांना अजून वाटलेलं नाही.

यंदा मोताळ्याला तालुक्यातल्या शिक्षकांच्या बैठकीत हवामान बदलावर पाठ तयार करायला सांगितलं. उर्दू शाळेतले सर रोहिणखेडहून बदलून आलेले, माझ्याहून वयाने लहान. ते म्हणाले की गाव एक, ऊन एक, तर पाठही एकच करू. दुपारची खिचडी वाटून झाली की आम्ही स्वयंपाकाच्या खोलीत बसायचो, कारण तेवढीच खोली रिकामी असायची. मी वितळणाऱ्या बर्फाची चित्रं काढून आणली होती. सरांनी ती नीट पाहिली आणि बाजूला ठेवली. आपल्या पोरांनी समुद्रही पाहिलेला नाही, त्यांना इथल्या उन्हाबद्दल सांगू, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणाले. त्यांच्याच वर्गातल्या एका मुलीचे आजोबा गेल्या उन्हाळ्यात कांदा काढून घरी आले, ओसरीत आडवे झाले आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं. ती मुलगी समोर बसलेली असताना हा पाठ कसा घ्यायचा?

सर म्हणाले, "मॅडम, तिच्या घरात रोज तीच गोष्ट हाय. मंग शाळेतच काऊन नाही?"

तेव्हा मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. माझे वडील नाल्याच्या पुरात गेले त्याच वर्षी तुम्हाला पुराचा धडा घ्यायचा होता. आदल्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसला आहात, पदराने घाम टिपता आहात. आईशी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे वळता.

"उद्या पुराचा धडा हाय. तुले वर्गात बसाचं का बाहेर? दोन्ही चालते."

मी बसले. तुम्ही पाणलोट शिकवलात, उतार शिकवलात, फळ्यावर आपला नाला काढलात आणि संपूर्ण तासात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. मला तेव्हा तुम्ही कठोर वाटलात. मोठी झाल्यावर कळलं की तुम्ही पाहिलं असतं तर सगळ्या वर्गाने पाहिलं असतं.

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मंग तिलेच विचारू."

आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा ठेवला. मी तुमचेच शब्द वापरले, जरा पुस्तकी करून. मुलगी आईकडे बघत राहिली. आई म्हणाली, तुझं तू सांग. मग ती म्हणाली, "मी बसन. पण दादाजीचं मलेच सांगू द्या."

दोन्ही वर्ग आमच्या व्हरांड्यात बसवले. तिने उभं राहून सांगितलं: मजूर उशिरा आले, म्हणून दादाजी दुपारपर्यंत वावरात थांबले, घरी आल्यावर पाणी नको म्हणाले. ती रडली नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, मग दुपारी वावरात जायचंच नाही का? मी कोळसा, धूर, तापलेली हवा असं सगळं समजावलं. ते बरोबर होतं, पण तिने ते विचारलं नव्हतं. सरांनी प्रश्न मुलांकडेच परतवला. बराच गोंधळ झाला आणि त्यातून मुलांनीच एक गोष्ट ठरवली. आता कांदा काढणीच्या दिवसांत ऊन चढायच्या आत मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून वावरातल्या माणसांना घरी बोलावतात. एक दिवस ही मुलगी सांगते, एक दिवस आमच्या शाळेतलं कुणी. काही लोक येतात. काही येत नाहीत. मजुरांचा खाडा परवडत नाही म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही. पाठ झाल्याने ऊन कमी झालेलं नाही.

बैठकीत आमच्या पाठाचं कौतुक झालं. सरांनी तुमच्या विचारण्याचा उल्लेख केला, नाव न घेता. आता इतर शाळांतले शिक्षकही पाठाआधी असं विचारून येतात, असं ऐकते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी मुलीच्या घरी ओसरीत चहाचा कप हातात धरून मी थांबले होते, तेव्हा तिने "बाहेर जाईन" म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. ती समोर नसती तर मला शिकवायला सोपं गेलं असतं. सरांना मी हे सांगितलेलं नाही.