कुटुंबात कोण कोण

प्रिय धाकल्या,

परवा टीव्हीवर तुला पाहिलं. बाहेरून राहायला येणाऱ्यांसाठी तुमच्या तिकडच्या पाच शेजारी देशांनी मिळून एकच नियम केला म्हणून सगळे साहेब हसत होते, आणि तू डावीकडून दुसरा. कोट खांद्यावर चढलाय तुझा. शिंप्याला पैसे देऊ नकोस. खालच्या इस्त्रीवाल्याला मी मुद्दाम वर बोलावून दाखवलं, हा माझा भाऊ.

तुमची कामाची रीत तूच फोनवर सांगितली होतीस. कलम लिहिलं की ते एखाद्या माणसावर लावून बघायचं, कपडा अंगावर चढवून बघतात तसं. कुटुंब म्हणजे कोण, यावर गाडी अडली तेव्हा तू म्हणालास, समजा एक पन्नाशी उलटलेली बाई आहे, लग्न केलेलं नाही, शिवणकाम करते, गुडघे गेलेत, भाऊ शेजारच्या देशात. तिला घ्यायचं का? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. नवरा, बायको, अठराच्या आतली मुलं, संपलं कुटुंब. "ताई, तुझ्या उदाहरणानं काम झटक्यात झालं," म्हणालास. मीही हसले. मेली माझी अक्कल.

त्या बाईनं लग्न का केलं नाही, ते सांगितलंस का रे तिथे? आई गेली तेव्हा तू दुसरीत होतास. मला बघायला येणाऱ्यांना बायको हवी होती, तिच्या पाठचं पोर नको होतं. मी एकेकाला चहा पाजून वाटेला लावलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काल वाटलं.

काल तुमच्या वकिलातीत गेले होते. खिडकीतली मुलगी गोड होती. तिकडे कोण आहे, विचारलं तिनं. भाऊ, म्हटलं. "मावशी, भाऊ आता चालत नाही." बाकीच्या चार देशांचं विचारलं, तर तिथेही तेच. आपण कुणाला कापलं, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? तुझा राग आलाय, खोटं कशाला बोलू.

पत्राचं कारण एवढंच. मागच्या खेपेला माझं शिलाई मशीन तू गाडीत घालून पुढे नेलंस, मागाहून तू कायमचीच ये म्हणून. तेव्हापासून गिऱ्हाइकं परत पाठवतेय. आता मला इथेच पोट भरायचंय. तेवढं मशीन पाठवून दे. सामानाला म्हणे पाचही देशांतून इकडे यायला मोकळी वाट आहे.

तुझीच,
उदाहरणातली ताई