कसालच्या गोळ्या

मिठबाव,
९ जुलै २०२४

चि. किशोरीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असून पत्र लिहिते. फोन लावला की सूनबाई नम्रता तो मोठ्या आवाजावर ठेवून नातीला, रियाला, तुझा आवाज ऐकवते, आणि मला हे नम्रतासमोर बोलायचं नाही.

माझं डोकं ठिकाणावर नाही गो. काल सोलकढीत दोनदा मीठ घातलं. चालताना पाय भलतीकडे पडतात, बसल्या जागी झोप येते. परवा रियाला मांडीवर घेऊन खळ्यात, अंगणात बसले होते. डोळा कधी लागला कळलंच नाही. पोर रांगत पायरीच्या टोकाला गेली. मासेमारी बंद असल्यामुळे हे घरीच होते, ते धावले म्हणून वाचली. नम्रता तेव्हापासून नातीला माझ्याकडे देत नाही. मी तरी तिला काय म्हणू?

आपली आई शेवटी आपल्यालाच विचारायची, तुम्ही कोणाच्या मुली म्हणून. माझंही तेच सुरू झालं काय?

बाकी ठीक. पाठीवर गजकर्ण उठलं होतं, देवगडच्या डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या कॅप्सूल दिल्यात, खाज कमी आहे. कसालच्या गोळ्याही चालू आहेत. काही वर्षांपूर्वी वादळात यांची होडी दोन दिवस बेपत्ता झाली तेव्हापासून छाती धडधडते, त्यावरच्या या गोळ्या तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाहीत. देवगडलाही बोलले नाही. मनाची गोळी घेते म्हटलं की लोक वेडी समजतात.

आणि हो, काल सोलकढीत मीठ दोनदा पडलं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
सत्यवती


वेंगुर्ले,
१३ जुलै २०२४

ती. ताईस किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

सोलकढीतलं मीठ पत्रातही दोनदा पडलंय. हसले, मग रडले. आईची आठवण मलाही आली, खोटं कशाला बोलू. पण आईचं वर्षानुवर्षं हळूहळू होत गेलं. तू तर मे महिन्यात आमच्या लेकाच्या, सत्यवानच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना नावानिशी हाका मारत होतीस. दीड-दोन महिन्यांत एवढं?

मला औषधातलं कळत नाही, पण एक मनात येतं. त्या कॅप्सूल कधी सुरू झाल्या, आणि झोप कधीपासून येते? कसालच्या डॉक्टरांना देवगडचं माहीत नाही, देवगडच्यांना कसालचं नाही. दोन्ही पाकिटं घेऊन लगेच कसालला जा. आणि ताई, तोवर आपल्या मनाने काही बंद करू नकोस. नीट विचारून काय ते कर.

भावोजींना सोबत ने. काजूचा भाव काढायला कसालला जाते, असं त्यांना किती दिवस सांगणार? एवढ्या फेऱ्यांत काजूचा व्यापार उभा राहिला असता!

पत्र पोचताच कळव. जीव लागून राहिलाय.

तुझी,
किशोरी


मिठबाव,
२४ जुलै २०२४

ती. किशोरीमावशींस नम्रताचा सा. न. वि. वि.

आईंच्या नावाचं पत्र मी फोडलं, त्याबद्दल क्षमा असावी. आई आता बऱ्या आहेत, हे आधी सांगते.

तुमचं पत्र यायच्या आधीच अंथरूण झाडताना मला आईंच्या उशीखाली गोळ्या सापडल्या. हे मालवाहू जहाजावर नोकरीला असतात, त्यांचा फोन आला तेव्हा विचारलं. हे म्हणाले, यानेच आई गुंगीत असते, सगळं औषध आजच्या आज बंद कर. मी दोन्ही पाकिटं काढून घेतली. पहिल्या दिवशी आई ताज्या वाटल्या. मला वाटलं, जिंकलं. मग हात कापायला लागले, अंग घामाने भिजायचं, झोप उडाली. लाटा खळ्यापर्यंत आल्यात म्हणायच्या. बाबा देवळात गाऱ्हाणं घालून आले. शेजारच्या जानकीकाकू म्हणाल्या, "वायच फेणी दी गो, गपचूप निजतली." मी फेणी वाटीत ओतली होती, तेवढ्यात पोस्टमन आला.

"आपल्या मनाने काही बंद करू नकोस" हे वाचलं आणि फेणी मोरीत ओतली. बाबांनी रिक्षा आणली, तसेच कसालला गेलो.

डॉक्टर म्हणाले, गजकर्णाच्या कॅप्सूलमुळे ही गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जाते. म्हणून ती गुंगी आणि विसर. पण इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर शरीर बंड करतं, झटकेही येऊ शकतात. फेणी वरून दिली असती तर श्वासावरच आलं असतं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, ती हळूहळू कमी करायची आहे. देवगडला फोन करून कॅप्सूलऐवजी मलम ठरवलं.

गोळीने त्रास, आणि गोळी सोडल्यानेही त्रास! माझ्या डोक्यात हे अजून नीट बसलेलं नाही. मी त्यांना मदत करत होते की मारत होते, मावशी?

दोन ओळी माझ्यासाठीही लिहा.

आपली,
नम्रता


मिठबाव,
१८ ऑगस्ट २०२४

चि. किशोरीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नम्रताला लिहिलंस ते बरं केलंस. पोरगी माझ्याकडे बघायची नाही. मी तिला म्हटलं, मी लपवलं नसतं तर तुला चाचपडावं लागलं नसतं. आता रिया दिवसभर माझ्यापाशी असते.

डोकं हलकं आहे. गोळी थोडी कमी केलीय. मधे एखादा दिवस हात थरथरतो, तेव्हा डॉक्टरांना विचारते, मनाने काही करत नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच लिहायचीय. शनिवारी संध्याकाळी वारा सुटला. हे आत-बाहेर करत होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, तुझी एक गोळी माका दी. म्हणाले, "वारो सुटलो की माका पण झोप येणा नाय. त्या दिवसापासना."

किशोरी, होडीत हे होते, आणि मला वाटायचं घाबरले ती मी एकटीच. एका घरात दोघं एकमेकांपासून लपून घाबरत होतो. गोळी मात्र दिली नाही. माझी गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्याही आहेत. वारा पडेपर्यंत त्यांचा हात धरून बसले.

सोमवारी त्यांचा कसालला नंबर लावलाय. वाटेत कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून मला विचारत होते. मी म्हटलं, डॉक्टरकडे चाललो म्हणायचं. ते चपला पुसायला बसले.

तुझी माया अशीच पाठीशी राहो.

तुझी ताई,
सत्यवती