इंजिनाचा स्क्रू कोणी फिरवला?

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपात म्हातारी उभी केली आहे आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून हे लिहितो आहे. नदीपार माणसं नेणाऱ्या आमच्या होडीचं इंजिन आहे, पण माझ्याहून वयाने मोठं, म्हणून सगळे तिला म्हातारीच म्हणतात. वेग कमी केला की बंद पडते. धक्क्याला लागताना बंद पडली तर होडी प्रवाहाबरोबर कुठेही जाते. बाबा म्हणाले, "तू बघ." मला म्हणाले! होडीवर दोर सांभाळणाऱ्या भावोजींना नाही.

आता पिंपात कशी संथ, छान चालते आहे! मिश्रणाचा पितळी स्क्रू थोडा बाहेर, वेगाचा स्क्रू थोडा आत. झालं.

रात्री

नाही झालं. पाण्यात उतरवली, बाबांनी गियर टाकला आणि गप्प! पुन्हा चालू, पुन्हा गियर, पुन्हा गप्प. होडीत माणसं बसलेली. एक फळवाला म्हणाला, "डॉक्टर, पेशंट गेला की हो!" सगळे हसले. मी खाली वाकून पेट्रोलची नळी तपासल्यासारखं केलं. नळीला काही झालं नव्हतं.

४ फेब्रुवारी

समजलं. इतकं साधं होतं की लाज वाटते. पिंपात तिच्यावर भारच नसतो. रिकाम्या हाताने कोणीही पळेल. खरं काम होडी धक्क्याला बांधून, इंजिन पूर्ण तापल्यावर, गियरमध्ये टाकून करायचं.

लिहून ठेवतो, पुन्हा चुकायला नको. पितळी स्क्रू मिश्रणाचा. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. आत नेत गेलो की ती शिंकायला लागते — उपाशी आहे. बाहेर काढत गेलो की घुसमटते, धूर सोडते — जास्त झालं. दोन्हींच्या मधे, पण किंचित जास्तीकडे ठेवायचा. दर वेळी जरासाच फिरवायचा आणि थांबायचं, तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. मी घाई करत होतो, म्हणून तिचं उत्तर येण्याआधीच दुसरा प्रश्न विचारत होतो. शाळेत गुरुजी माझ्याशी असंच वागायचे.

मिश्रण बसलं की मगच वेगाचा स्क्रू. तो फक्त रेस किती खाली येऊ द्यायची ते ठरवतो. मिश्रण चुकलं असताना तोच आवळून वेग वाढवणं म्हणजे नुसती झाकपाक. मी तेच केलं होतं.

दोन्ही स्क्रूंवर ताईच्या नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली. ताई म्हणाली, "आता तिला काजळही घाल!"

५ फेब्रुवारी

चालली! दिवसभर एकदाही बंद पडली नाही. बाबांना तसं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

९ फेब्रुवारी

आज वाईट झालं. बाबांनी गियर टाकला आणि होडीने उडीच मारली. शाळेच्या बाई अजून बसत होत्या. तोंडावर आपटल्या, ओठ फाटला, चष्मा फुटला. धक्क्यावरचे साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर होडी बंद करीन."

नंतर झाकण उघडलं. मिश्रणाची रेघ जागच्या जागी. वेगाच्या स्क्रूची रेघ मात्र अर्धा फेरा सरकलेली! इतक्या वेगात गियर टाकल्यावर होडी उडणारच. स्क्रू आपोआप इतका फिरत नाही, त्यामागे घट्ट स्प्रिंग आहे. कोणीतरी फिरवला.

भावोजी परवाच म्हणाले होते, "म्हातारी फार हळू वाटते का रे तुला?"

१० फेब्रुवारी

काल रेघ जुळवून ठेवली होती. आज सकाळी पुन्हा सरकलेली. मी भावोजींना विचारलं. ते दोर गुंडाळत होते. म्हणाले, "मी हात लावला नाही रे." हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. मग मी बोललो. होडी माणसांनी भरली होती आणि मी मोठ्याने बोललो — "कारखान्यातून काढलं तुम्हाला, ते उगाच नाही! सासऱ्याच्या घरात बसून खाता, वर माझ्या कामात बोटं घालता!"

बाबा मागे हँडल धरून नदीच्या दुसऱ्या काठाकडे बघत बसले होते. भावोजी म्हणाले, "बरं." आणि दोर सोडला.

मला वाटलं होतं, बोलल्यावर बरं वाटेल.

११ फेब्रुवारी

ताईने ताट माझ्यापुढे आदळलं. तिच्या खोलीत दोन पिशव्या भरलेल्या दिसल्या. रविवारी जाणार म्हणाली. "कुठे?" म्हटलं. "जिथे माझ्या नवऱ्याचं खाणं कोणी मोजत नाही तिथे."

१२ फेब्रुवारी

भावोजींना रंगेहाथ पकडायचं म्हणून उजाडायच्या आधी धक्क्यावर गेलो. तिकिटांच्या टपरीमागे उभा राहिलो. हेही लिहायला हवं — त्यांना पकडल्यावर काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं.

बाबा आले. एकटेच. म्हातारी सुरू केली. मी लावली होती तशीच संथ, सुरेख चालत होती, मला टपरीमागूनही ऐकू येत होती. बाबांनी झाकणावर हात ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मग त्यांनी सुरू करायची दोरी ओढली — चालू इंजिनाची! दोरी नुसती सैल बाहेर आली. तेव्हा त्यांनी खिशातून पेचकस काढला, झाकण उघडलं आणि वेगाचा स्क्रू आवळला.

"बाबा!" मी हाक मारली. दुसरी मारली. ते वळले नाहीत. तिसऱ्या वेळी अगदी पाठीशी जाऊन ओरडलो. तेव्हा दचकले आणि पेचकस खिशात टाकून म्हणाले, "लवकर आलास आज?"

त्यांना ऐकू येत नाही. आई गेल्यापासून बाबा बोलायचे कमी झाले असं आम्ही धरून चाललो होतो. बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघतात, तेव्हा मला वाटायचं, माझ्या चुका शोधतात.

१३ फेब्रुवारी

भावोजी मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानापाशी एकटे भेटले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला एवढं..."

"मामांनी, तुझ्या बाबांनी, शपथ घातली होती. तुला कळलं तर तू त्यांना घरी बसवशील, म्हणाले." हसले. "आणि तू चुकीचं काय बोललास? खातोच आहे की बसून."

माफी मागायची होती. तेवढ्यात दुकानदार बाहेर आला आणि मी त्याला दोऱ्याचा भाव विचारला. दोरा मला नको होता. भित्रा आहे मी. चारचौघांत शिवी देता येते, एकांतात माफी मागता येत नाही!

१४ फेब्रुवारी

वाढवलेला वेग ठेवला तर कोणीतरी पुन्हा पडणार. कमी केला तर बाबांना ती मेलेली वाटते. मधलं काही नाही. दिवसभर बघितलं.

ताईने खुंटीवरचा आरसाही काढला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी होडीवर बाबांच्या समोर उभा राहिलो आणि नीट तोंड उघडून बोललो, "तुम्हाला ऐकू येत नाही ते मला कळलं. आजपासून मी म्हातारीजवळ बसतो. चालू आहे की बंद, मी खुणेने सांगेन." भावोजीही तिथेच होते, ताईबरोबर निघून जायच्या आधी होडीचा दोर बदलून द्यायला आलेले.

बाबा हसले. "कानांचं काय घेऊन बसलास! चार वर्षं झाली कान जाऊन. म्हातारी मी हातानेच ऐकतो." आणि चालू असलेल्या उघड्या इंजिनावर हात टेकला. तापलेल्या सिलिंडरवर, जिथे मला बोट लावता येत नाही. तिथेच ठेवला. वाट बघत राहिले. "हे बघ, आता हात पण सांगेना..."

मी त्यांचा हात ओढून काढला. तळव्याला फोड आला होता. जुन्या दोन फोडांच्या शेजारी. बाबांना कळलंच नाही. हँडलच्या थरथरीने बोटं मेली आहेत त्यांची, कधीपासून कोण जाणे.

त्यांनी तळवा नीट बघितला. मग उठून मागची जागा रिकामी केली. "जावईबापू, हँडल धरा."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेलो आणि त्यांच्या हातातून दोर घेतला.