यादगिरीच्या नसलेल्या बहिणी

कुकटपल्ली, गुरुवार संध्याकाळ

माझ्या कारखान्यात लेथ चालवणारा यादगिरी आज टेरिटोरियल आर्मीचं पत्र घेऊन आला. नोकरी सांभाळून तो तिथला जवान आहे, हे मला आज कळतंय! सोमवारी हजर व्हायचंय. म्हणजे दरवर्षी बहिणीच्या लग्नाची म्हणून घ्यायचा ती रजा शिबिराची होती. मी तर आहेरही पाठवला होता.

विचारलं, तुला बहिणी तरी किती?

"एक भी नै, मॅडम. सच बोला तो काम जाता बोलके डर गया."

राग आलाच. पण खोटं का बोलावं लागलं? आजारपणाची लांब रजा मागणाऱ्या फिटरला मी काढून टाकलं, ते यानं पाहिलंय. या बहिणी त्याला मीच दिल्या म्हणायच्या.

तिथेच कागदावर लिहून सही केली: तो परतेपर्यंत जागा त्याचीच. ऑर्डर लांबेल, गिऱ्हाईक ओरडेल. ओरडू दे, खरं कारण मीच फोनवर सांगेन. आणि उद्यापासून लेथ मी शिकणार.

यादगिरीने कागद जपून खिशात ठेवला. दारातून वळून म्हणाला, "कल साडी नक्को, मॅडम. मशीन में फँसती."

जुना पंजाबी ड्रेस काढून ठेवलाय. ओढणीशिवाय.