पिशवीला हाक

ता. ६

चि. हातोडीस अनेक आशीर्वाद.

पाववाल्याच्या गाडीतून पिशवी पाठवली आहे. टोपली थरथरत असेल तर दचकू नकोस, आत पाव नाहीत, तीच आहे. कोणीतरी तिला जुन्या कापडी पिशवीत घालून जिन्यात सोडून दिलं होतं, म्हणून हे नाव. टाकलेली किती मांजरं मी सांभाळली, बाळसं धरल्यावर लोकांच्या घरी धाडली, पण इतकं भेदरलेलं मांजर पाहिलं नाही.

ती ओरडत नाही, हे नीट लक्षात ठेव. भूक लागो, शेपटीवर पाय पडो, तोंडातून चकार शब्द नाही. माझे कान गेल्यापासून मला ते सोयीचंच होतं, पण तुला डोळे उघडे ठेवावे लागतील. अंधारी, अडचणीची जागा दिसली की ती आत शिरते.

वहिनी गेल्यापासून तू त्या घरात एकटी जेवतेस, ते मला बघवत नाही. नाही जमलं तर टोपलीत घालून परत पाठव, मी रागावणार नाही.

लोभ आहेच, आता त्यात एक वाटेकरी वाढला.
तुझी आत्या

ता. १०

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिशवी पोचली आणि तेव्हापासून कपाटाखाली आहे. बशी रिकामी होते, म्हणून घरात मांजर आहे म्हणायचं. मी फरशीवर आडवी पडून लाडेलाडे हाका मारते, तशी ती आणखी आत सरकते. आई गेल्यापासून या घरात माझा आवाज ऐकायला कोणी नव्हतं. आता जी आहे ती तो ऐकून पळते. हसू नकोस.

एकच गंमत. पुढच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांची मोठी खुर्ची नव्याने भरायला घेतली आहे. खिळे ठोकायला लागले की कपाटाखालून मिशा बाहेर येतात, थांबले की आत जातात. बहुतेक मला शिव्या घालायला येत असेल.

भीती एवढीच वाटते, की तिला माझ्याकडे राहायचं नसेल आणि ते सांगायला तिच्याकडे आवाज नसेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी हातोडी

ता. ११

चि. हातोडीस आशीर्वाद.

मिशा दिसल्या, म्हणजे निम्मं काम झालं. लहानपणी तूही पाहुणे आले की पडद्यामागे लपायचीस आणि खाली पाय दिसायचे. तेव्हा धीर धर.

दार मात्र सांभाळ. मागे एक पिवळा बोका असाच एका भल्या घरी दिला होता. दार उघडं राहिलं, बोका गेला तो गेलाच. अजून रस्त्यात पिवळं काही हललं की मी वळून बघते. तुला घाबरवायला लिहीत नाही, पण घाबरलीस तर बरंच.

दोघींना कुरवाळून,
आत्या

ता. १४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिशवी नाहीशी झाली. काल सकाळी डॉक्टरांची माणसं खुर्ची न्यायला आली, ती दारात अडकली, सगळ्यांनी रेटारेटी केली आणि दार बराच वेळ सताड उघडं राहिलं. तेव्हापासून बशी भरलेली आहे.

कपाट ओढून पाहिलं, गाद्या उलथ्या केल्या, काथ्याच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला. गल्लीत हाका मारून घसा बसला. गटाराकडेला तिच्यासारखं करडं काही दिसलं, म्हणून धावले. फडकं होतं. ते हातात धरून मी तिथेच उभी राहिले. शेजारीण म्हणाली, मांजरं आपणहून येतात. हिचं तिला काय माहीत? ती कुठे अडकली असेल तर ओरडणारही नाही, हे डोक्यातून जात नाही.

तू बजावलं होतंस. रागाव, पण काहीतरी सुचव.
हातोडी

ता. १५

चि. हातोडीस,

पाववाला दारात ताटकळला आहे, म्हणून थोडक्यात. तू हाका मारत फिरतेस हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. अगं, माझा आवाज मलाच कळत नाही. कुजबुजायला जाते आणि किंचाळते. म्हणून मी मांजरांना तोंडाने बोलावतच नाही. लाकडी डावाने टेबलावर ठोकते. माझ्या घरात ठोकलं म्हणजे ‘ये, वाढलंय’. माणसाच्या हाकेला ती भितेच. हे तुला सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटतं सगळं जग असंच बोलावतं.

तेव्हा ठोक. आणि तू शेवटचं कुठे ठोकलंस, तिथे आधी बघ. वेळ घालवू नकोस.

आत्या

ता. १६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिशवी जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकीचं सावकाश वाच.

तुझं पत्र दारातच वाचलं आणि आठवलं. शेवटचे खिळे मी त्या खुर्चीच्या तळाला ठोकले होते. खुर्ची आडवी होती. तळाचं कापड एका बाजूने ठोकायचं राहिलं होतं, तेवढ्यात खिळे संपले. आणायला आत गेले, परत आले आणि तीही बाजू बंद केली.

दवाखान्यात धावत गेले. खुर्चीवर एक आजोबा बसले होते, त्यांना दंडाला धरून उठवलं. डॉक्टरांनी मला पाणी देऊ केलं, वेड लागलंय असंच त्यांना वाटलं असणार. मी गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या पायावर बोटांनी ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. काही नाही. आत्या, मला वाटलं संपलं. मग आतून कापडाला एक नख लागलं.

खिळे मी कशाने उपटले, आठवत नाही, बोटं सोलली आहेत. अंगभर काथ्या चिकटलेली ती बाहेर आली, आजोबांकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्या कुशीत तोंड खुपसून थरथरत राहिली. घरी पाणी पीत सुटली, मग मऊ भात खाल्ला. आता ती हत्यारांच्या पेटीशेजारी बसते. तळ बंद करण्याआधी मी आत दोनदा हात फिरवते.

मला वाटत होतं ती माझ्यापासून पळाली. ती त्या अंधारात शिरली, ती मी बोलावलं म्हणून.

टोपली पाववाल्याबरोबर परत पाठवते आहे. रिकामी आहे.

आम्हा दोघींवर जीव असू दे.
तुझी हातोडी