वंगण बदलायला एक शनिवार पुरे

शनिवार, ११ जानेवारी, सकाळी ९
निर्णय पक्का. मशीनमधलं लाल वंगण आज काढायचं, निळं भरायचं. गेल्या तीन मॅचमध्ये माझे नेम का चुकले याचा आठवडाभर विचार केला. दोष वंगणाचाच. बंदुकीसाठी घरी ओतलेली शिशाची गोळी मशीनमधून दाबून एका मापाची करायची, तिच्या खाचांत वंगण भरायचं. ते वंगणच थंडीत दगड झालं तर गोळी भरकटणारच. साधं शास्त्र आहे.

लवॉनचं म्हणणं, डोळे तपासून घे. एकेचाळीस वर्षं संसार करून बायकोला गोळ्यांतलं एवढंच कळलं.

नेमबाजी क्लबची हिवाळी मॅच २५ तारखेला. सहा वर्षं ओरिनच जिंकतोय. शेजारी आहे, मित्र आहे. जिंकल्यावर एक अक्षर बोलत नाही. ते जास्त लागतं.

संध्याकाळी ४
गॅरेजमध्ये शून्याखाली अकरा. टाकीवरचा दाबाचा स्क्रू उलटा फिरवला. तो सुलटा होता म्हणे. वंगण अजूनच घट्ट बसलं. खांदा गेला. उद्या बघू.

रविवार, १२ जानेवारी
चर्चहून आल्यावर मशीन ओव्हनमध्ये ठेवलं. फक्त वीस मिनिटं ठेवणार होतो. लवॉनला वास आला.
"रोज शिसं जातं ते मशीन माझ्या ओव्हनमध्ये? दुपारच्या जेवणाच्या मीटलोफच्या शेजारी?"
शेजारी नाही, वरच्या जाळीवर, मीटलोफ खाली आहे, असं मी सांगितलं. सांगायला नको होतं.
जेवायला सँडविच.

सोमवार, १३ जानेवारी
लवॉनचा हेअर ड्रायर. चाळीस मिनिटं मशीनला गरम हवा दिली. वंगण खालच्या भोकातून जेमतेम चमचाभर निघालं, तेही माझ्या पँटवर. मग ड्रायरमधून धूर आला. तिला योग्य वेळी सांगेन. ड्रायर तसाही जुनाच होता.

मंगळवार, १४ जानेवारी
ती सकाळीच केस धुऊन आली. सांगावं लागलं.

बुधवार
काही केलं नाही. विश्रांतीही तयारीतच येते.

गुरुवार, १६ जानेवारी
आज डोकं चाललं. मशीन पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसवलं, सीटबेल्ट लावला, हीटर फुल्ल, आणि तासभर गावातून चकरा मारल्या. पोस्टासमोर गावातली विल्मा काचेतून वाकून बघत म्हणाली, "पाहुणे फारसे बोलत नाहीत वाटतं." मी काच वर केली. उष्णता बाहेर जात होती.

परतताना आमच्याच रस्त्यावरच्या हॉल्वरसनांची टपालपेटी आडवी आली. खांबासकट गेली. ती त्यांनी रस्त्याकडे सरकवली असणार. हॉल्वरसन बाहेर येऊन म्हणाले, अठ्ठ्याऐंशीपासून तिथंच आहे. मी वाद वाढवला नाही. रविवारी नवा खांब बसवून देतो म्हणालो.

पण वंगण सुटलं! गॅरेजमध्ये आल्याआल्या टाकीतून अख्खं बाहेर ओढलं, मेणबत्तीसारखं. ओरिन, सांभाळ.

शुक्रवार, १७ जानेवारी
सगळे भाग रॉकेलनं धुतले. वंगणाच्या कांड्यांवरचे कागद काल रात्रीच काढून ठेवले होते, लाल-निळ्या सगळ्यांचे, म्हणजे ऐन वेळी खोळंबा नको. बाकावरून निळी कांडी उचलली, भरली, स्क्रू आवळला. शंभर गोळ्या काढल्या. मशीनची दांडी लोण्यातून फिरल्यासारखी फिरते. निळ्याची गोष्टच वेगळी. कंबर मोडली. पण हा थकवा चांगला आहे.

रविवार, १९ जानेवारी
हॉल्वरसनांचा खांब राहिला. जमीन गोठलीय.

शनिवार, २५ जानेवारी
पहिली फेरी, पाच गोळ्या. माझ्या टार्गेटवर एकही भोक नाही.
ओरिनच्या टार्गेटवर दहा.
पंच मार्लिसबाईंनी दोनदा मोजली. मग माझ्याकडे आल्या, खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेल्याला शून्य. ती पाच गोळ्यांची जागा मात्र वाईट नव्हती, एवढं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

ओरिननं माझ्या डब्यातून एक गोळी उचलली.
"डेल्मर, तू वंगण बदललं म्हणत होतास ना?"
"निळं भरलंय."
"अरे, हे लालच आहे."
मी गोळी खिडकीपाशी नेली. खिशात डिसेंबरातली एक होती, तीही शेजारी धरली. दोन्ही कॉफीच्या रंगाच्या. मागं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
ओरिन म्हणाला, "किल्ली दे. तुला मी सोडतो."
दारात तो लवॉनशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलला.

गुरुवार, ३० जानेवारी
डोळ्यांचा दवाखाना. तिथली मुलगी म्हणाली, सगळ्यात खालची ओळ वाचा. मी विचारलं, कुठल्या भिंतीवरची?
डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस असं होतंय? मी म्हणालो, पंधरा दिवस. लवॉन म्हणाली, तीन वर्षं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिलं ऑपरेशन २० फेब्रुवारीला. तोवर गाडी बंद, बंदूक बंद.
येताना लवॉननं गाडी चालवली. चाळीसच्या वर जातच नाही. तिनं माझा हात धरला होता, एका हातानं चालवत होती. मी तो सोडवला नाही.

संध्याकाळी ओरिन मशीन घेऊन गेला. जेवायच्या आधी त्याचा फोन आला. निळं भरून झालं. पंचवीस मिनिटं लागली.
कसं केलं, मी विचारलं नाही.